आधी वाढतं, मग उतरतं

गेरोल्डच्या खोकल्यासाठी जेवणाच्या टेबलापाशी वेगळी खुर्ची मांडायची तेवढी बाकी राहिली होती. तो आमच्याबरोबर जेवायला बसायचा, चर्चला यायचा, आणि मी फोनवर कोणाशी बोलत असले की पलीकडचं माणूस आधी त्याचीच चौकशी करायचं. "अजून आहे का गं?" माझी बहीण विचारायची. "आहे," मी म्हणायचे. "आत्ताच जिना चढून वर आला बघ."

गेरोल्ड माझा नवरा. तो वजनकाट्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाला त्या शरद ऋतूत हा पाहुणा आला. आधी मला वाटलं, माणूस रिकामा झाला की शरीर स्वतःला काहीतरी उद्योग लावून घेतं. कोरडा, खोलवरून येणारा खोकला. सकाळी जरा बरा असायचा, दुपार कलली की जोर धरायचा, आणि संध्याकाळी गेरोल्ड अंगात कणकण घेऊन सोफ्यावर पडायचा. मी कांदा चिरून मधात ठेवला, त्याचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. सेजच्या पानांचा काढा केला. छातीवर गार चक्क्याचा लेप, त्यावर सुती फडकं, त्यावर लोकरीची शाल. आयुष्यात इतका चक्का मी कधी कोणाच्या पोटाबाहेर घातला नव्हता. खोकला ढिम्म.

गावातल्या डॉक्टरांनी फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं आणि प्रश्न विचारले. घरात पक्षी पाळलेत? नाही. कबुतरं? नाही. गवताच्या गंजीपाशी काम? नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात कुठे बुरशी?"

मी जर्मनीच्या श्वाबन मुलखातली बाई. आमच्या ब्युलिंगन गावात सफाईचा आठवडा आला की दारावर लाकडी पाटी लागते. पाटी आपल्या दारावर असेपर्यंत जिना, तळघराच्या पायऱ्या आणि घरापुढचा रस्ता आपला. पाटी नसलेल्या आठवड्यातही मी कठडा पुसते, कारण खालच्या मजल्यावरच्या गॉटहिल्फने पुसला असेल यावर माझा विश्वास नाही. रोज सकाळी बर्फ पडत असलं तरी सगळ्या खिडक्या सताड उघडून घर वाऱ्यावर टाकते. आणि हा माणूस मला बुरशी विचारतो.

"आमच्याकडे नाही," मी म्हणाले. ते ज्या घाईने लिहून घ्यायला लागले त्यावरून मला कळलं, की मी ते जरा मोठ्याने म्हटलं होतं.

घरी येऊन मी न्हाणीघराच्या फरशांच्या फटी दातांच्या ब्रशने घासल्या. नुसत्या रागाने. त्या आधीही स्वच्छच होत्या.

आता ईस्टरचं सांगते, कारण सगळं घोडं तिथे अडलं होतं. आमच्या चर्चचं पितळी वाद्यांचं पथक आहे. ईस्टरच्या पहाटे हे पथक दफनभूमीत उभं राहतं आणि सूर्य वर येताना वाजवतं, तिथे झोपलेल्यांसाठी आणि थंडीत उभ्या असलेल्यांसाठी. गेरोल्डचे वडील, माझे सासरे, जन्मभर त्यात टेनर हॉर्न वाजवायचे. मांडीवर घेतलेल्या पोराएवढं वाद्य, पोटात नळ्यांची वेटोळी, वर रुंद तोंड. सासरे गेले तेव्हा हॉर्न माळ्यावर गेला. गेरोल्ड तरुणपणापासून पथकाचं, सगळ्यांसाठी ठेवलेलं वाद्य वाजवायचा, आठवड्यातून एकदा, तालमीपुरतं. निवृत्त झाल्यावर त्याने ते परत केलं आणि माळ्यावरून वडिलांचा हॉर्न काढला.

"आता वेळ आहे," तो मला म्हणाला. "रोज वाजवीन. ईस्टरला बाबांच्या कबरीपाशी उभा राहीन आणि त्यांना त्यांचाच आवाज ऐकवीन."

तो असं बोलणारा माणूस नाही. चाळीस वर्षं काटे शून्यावर आणण्यात गेलेली, घरातही तो शून्यावरच असतो. म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं. हॉर्न मीच चमकवायला घेतला. दर शनिवारी पितळेची पेस्ट आणि गेरोल्डचा जुना बनियन. माझी हनुवटी त्यात दिसायला लागेपर्यंत घासायचे. आतून मात्र हात लावायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. आत पाणी गेलं की सूर धुऊन जातो, असं ते म्हणायचे. पथकातले सगळे म्हातारे तसंच म्हणतात. वर्षानुवर्षांच्या श्वासाने आत जो थर बसतो त्यातच सूर राहतो म्हणे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्च भरलेलं असताना दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत गेरोल्डला उबळ आली. फ्रीडेरिके, म्हणजे पथकाची संचालिका, शाळेत गणित शिकवते, तिने हात वर धरला आणि थांबली. पाद्री थांबले. मेणबत्त्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. उबळ सरली तेव्हा तिने हात खाली आणला आणि गेरोल्डने पुढचं कडवं वाजवलंच नाही. हॉर्न मांडीवर घेऊन बसून राहिला. चेहऱ्यावर काही नाही, पण कान लाल.

जानेवारीत डॉक्टरांनी त्याला हवापालटासाठी उत्तर समुद्रातल्या एका बेटावर धाडलं. रेनकोट आणि शब्दकोड्यांची चोपडी घेऊन गेला, आणि तिथून फोनवर खोकला ऐकू येईना. मी आनंदाने त्याची उशी बदलली. परत आल्यावर आठवडाभर बरं होतं. मग त्याने पुन्हा तालमीला हात घातला, दिनक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर पाहुणाही परतला.

"समुद्राची हवा ती," सगळे म्हणाले. "इथे डोंगरावर कोरडी. तुझा सासराही खोकायचाच की."

खोकायचे खरे. नवी नवरी म्हणून घरात आले तेव्हा भिंतीपलीकडून मला तेच ऐकू यायचं. गावात त्याला आम्ही डोंगरी छाती म्हणतो. पथकातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ती आहे. खाली राहणारा गॉटहिल्फ बास ट्यूबा वाजवतो, विधुर आहे, आणि तोही खोकतो, पण तो खोकल्याला खोकला मानत नाही. त्याच्या मते तो घसा साफ करत असतो.

"अगं मेख्टिल्ड," तो जिन्यात मला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला एकदा हाबरश्ट्रोबाईकडे घेऊन जा. माझ्या मेहुणीच्या कानात शिट्टी वाजायची, ती तिने बंद केली."

"काय करून?"

"वाडगे वाजवून."

"शिट्टीवर उपाय म्हणून वाजवणं?"

"मला काय विचारतेस," गॉटहिल्फ म्हणाला. "मी त्या वाडग्यांच्या जवळ जाणार नाही."

पूर्वी जिथे गावाचं दूध गोळा व्हायचं त्या छोट्या घरात हाबरश्ट्रोबाईंनी आपलं दालन थाटलं होतं. निसर्गोपचाराचा परवाना होता, भिंतीवर चौकटीत लावलेला. आधी विमा कंपनीत होत्या. गोल चेहरा, हातांना ऊब. खोटी बाई नाही, हे मी आजही म्हणते. दारात बूट काढायचे आणि लोकरी मोजे घालायचे. गेरोल्डच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते मला तिथे दिसलं आणि पुढचा सगळा वेळ दुसरं काही दिसलं नाही.

त्याला चटईवर उताणा झोपवलं. छातीवर काशाचा मोठा वाडगा ठेवला, आणि कापडाने गुंडाळलेल्या दांडीने हळूच ठोका दिला. आवाज खोलीभर पसरला, मला दातांत जाणवला. गेरोल्डला लगेच खोकला आला. छाती उडाली, वाडगा उडाला आणि स्वतःच वाजला. तो पुन्हा खोकला, वाडगा पुन्हा वाजला.

"बघा," हाबरश्ट्रोबाई डोळे मिटून म्हणाल्या, "उत्तर देतोय."

"कोण?" मी विचारलं.

"खोकला. इतके महिने त्याचं कोणी ऐकूनच घेतलं नव्हतं."

इतके महिने मी एकही रात्र दुसरं काही ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने गेरोल्ड घोरायला लागला. त्याच्या घोरण्यावरही वाडगा बारीक गुणगुणत होता. खरं सांगते, तेव्हा मला हसू आलं आणि रडूही. त्याला इतकं गाढ झोपलेलं मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी पथ्य सांगितलं. ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ सुरू होतच होता, गावात कोणी चॉकलेट सोडतं, कोणी बियर. गेरोल्डने आवाज सोडायचे. रेडिओ नाही, टीव्ही नाही, हॉर्न तर अजिबात नाही. आठवड्यातून दोनदा वाडगे. कानांना आणि छातीला रिकामं होऊ द्यायचं. चर्चच्या घंटेला सूट होती, कारण ती कोणाच्या बापाला थांबवता येत नाही.

गेरोल्डने ते काट्यासारखं पाळलं. मी केकचं पीठ फेटायला मिक्सर घेऊन तळघरात जायचे. आणि खोकला उतरला. आधी संध्याकाळची कणकण गेली, मग दुपारचा जोर गेला, मग एक दिवस असा आला की तो आपला जिना चढून वर आला आणि त्याच्याबरोबर दुसरं कोणी आलं नाही.

मी बहिणीला फोन केला. "वाडगे?" ती म्हणाली. "तू? वाडगे?" मी म्हटलं, हसायचं तेवढं हसून घे. आणि हाबरश्ट्रोबाईंसाठी सफरचंदाचा केक केला, वर बदामाचा थर देऊन. तो केक घेऊन गेले त्याच दिवशी बाई म्हणाल्या, "आता दुसरा टप्पा. स्वतःचा सूर."

स्वतःचा सूर असा की, बाहेरच्या वाडग्याने छाती मोकळी झाली, आता आतून सूर यायला हवा. गेरोल्डने वडिलांच्या हॉर्नवर रोज सकाळ-संध्याकाळ एकच खालचा सूर लांबवायचा. तोंड वाद्यापासून हलवायचं नाही. श्वाससुद्धा हॉर्नमधूनच आत ओढायचा, म्हणजे सूर जिथून गेला तिथे परत येईल.

गेरोल्डचा चेहरा उजळला. याहून चांगलं औषध त्याला कोणी सांगितलंच नसतं.

चार-पाच दिवसांत खोकला परतला, आणि नुसता परतला नाही, बायकापोरं घेऊन परतला. संध्याकाळी ताप. जिना चढताना मधल्या वळणावर टेकायचा. मी हाबरश्ट्रोबाईंकडे गेले, या वेळी केक न घेता.

"वाढलंय," मी म्हणाले.

"छान," त्या म्हणाल्या.

"छान कसं?"

"मेख्टिल्डताई, आधी वाढतं, मग उतरतं. खोल बसलेलं बाहेर येतंय. उपचार लागू पडतोय याची खूण आहे ती."

"पहिल्यांदा तर आधीच उतरलं होतं. वाढायच्या आधी."

"ते वरवरचं होतं."

"आणि आता उतरलंच नाही तर?"

त्यांनी माझा हात आपल्या उबदार हातात घेतला. "तर मग अजून पुरतं वाढलेलं नाही."

बरं वाटलं तर वाडग्यांमुळे, वाईट वाटलं तर तेही वाडग्यांमुळे. मी त्या दुधाच्या घराच्या पायरीवर बसून बूट घालत होते आणि नाडीची गाठ काही केल्या बसेना.

घरी गेरोल्डला म्हटलं, "थांबव हे. फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"त्यांनी काय केलं? समुद्रावर पाठवलं."

"तिथे बरं वाटलं होतं."

"इथेही वाटलं होतं. आणि वाटेल." तो खोकला, बराच वेळ. "बाई म्हणाल्या ना, आधी वाढतं."

"अरे, किती वाढायचं? तुला बाबांच्या कबरीपाशी उभं राहायचंय की शेजारी झोपायचंय?"

हे मी बोलायला नको होतं. तो उठला, हॉर्न घेतला आणि शेजारच्या खोलीत जाऊन तो खालचा सूर धरला. म्हशीने हंबरडा आवरून धरावा तसा. मग श्वास आत ओढल्याचा घरघर आवाज. मग पुन्हा सूर.

त्या शनिवारी फ्रीडेरिके आली. कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसली. गेरोल्डच्या हातांकडे बघून बोलत होती.

"नेगेलेसाहेब, मला हे म्हणताना बरं वाटत नाही. पण ईस्टरला मध्ये शांतता असते. लोक त्या शांततेसाठी येतात."

"माहीत आहे," गेरोल्ड म्हणाला.

"पाम संडेपर्यंत बघू. नाहीतर यंदा तुम्ही नुसते ऐकायला या. पुढच्या वर्षी आहेच की."

"पुढच्या वर्षी आहेच," तो म्हणाला. मग तिला दारापर्यंत सोडायला गेला, तिची छत्र्यांच्या स्टँडमधली छत्री आठवणीने दिली, परत येऊन सोफ्यावर बसला, हॉर्न घेतला, एक सूर लावायचा प्रयत्न केला आणि मध्येच त्याला अशी उबळ आली की हॉर्न त्याच्या मांडीवरून घसरला. तो तसाच कुशीवर पडला आणि डोळा लागला. झोपेतही खोकत होता.

पाटी त्या आठवड्यात माझ्या दारावर होती. मी जिना पुसत होते, हातात बादली. उघड्या दारातून मला तो झोपलेला दिसला आणि जमिनीवर पडलेला तो हॉर्न दिसला. मीच चमकवलेला. खिडकीचा उजेड त्यावर असा नाचत होता, की जणू घरात सगळं आलबेल आहे.

मी बादली ठेवली. हॉर्न उचलला, न्हाणीघरात नेला आणि टबमध्ये आडवा केला. मला तो धुवायचा नव्हता, मला तो बंद पाडायचा होता. आत पाणी गेलं की सूर जातो ना? मग जाऊ दे एकदाचा. सूर गेला की फुंकणं जाईल, फुंकणं गेलं की निदान माणूस निपचित पडून बरा होईल. ईस्टर गेलं तर जाऊ दे. मी शॉवरची नळी काढली, हॉर्नच्या रुंद तोंडात घातली आणि नळ पूर्ण सोडला.

दुसऱ्या टोकातून आधी काही आलं नाही. हॉर्नच्या पोटात गुडगुड झालं. मग पाणी आलं, चहाच्या रंगाचं. मग हिरवट. मग आतून काहीतरी सुटलं आणि टबात घसरत आलं, काळं, लिबलिबीत, करंगळीएवढं. त्यामागून पातळ साली, धागे, पानकोबीचं पान तळघरात विसरावं तसे. वास असा की कबरीवरच्या फुलदाणीतलं पाणी महिन्याभराने ओततो तेव्हा येतो.

मी टबाच्या काठावर बसले. पांढऱ्याशुभ्र माझ्या टबात ते सगळं पसरलेलं.

घरात कुठे बुरशी?

आमच्याकडे नाही, मी म्हणाले होते.

आणि मग एकेक करून सगळं सरळ झालं. बेटावर हॉर्न नव्हता. आवाजाच्या उपवासात हॉर्न नव्हता. पथकाच्या वाद्याने इतकी वर्षं काही झालं नाही, वडिलांचा हॉर्न खाली आला आणि खोकला आला. आणि भिंतीपलीकडचा सासऱ्यांचा खोकला आठवला. बिचारे शेवटपर्यंत डोंगराच्या हवेला दोष देत गेले, आणि जरा बरं वाटलं की उठून हॉर्न हातात घ्यायचे.

पाण्याच्या आवाजाने गेरोल्ड उठला होता. दारात उभा राहिला, केस एका बाजूला चपटे.

"तू पाणी घातलंस," तो म्हणाला.

"घातलं."

"बाबांनी जन्मात यात पाणी जाऊ दिलं नाही."

"ते दिसतंय. ये, बघ."

तो आला आणि त्याने पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

"हा सूर होता," तो म्हणाला.

"ही बुरशी आहे, गेरोल्ड. रोज तू ही आत ओढत होतास."

"बाबा डोंगराच्या हवेने खोकायचे."

मी नळ बंद केला.

"हवेनेच," तो पुन्हा म्हणाला आणि हॉर्न उचलला. पाणी त्याच्या पँटवर निथळत होतं. तो हॉर्न छातीशी धरून शेजारच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी करंगळीएवढं ते प्रकरण चमच्याने उचलून जॅमच्या रिकाम्या बरणीत घातलं आणि झाकण घट्ट लावलं.

त्यानंतर गेरोल्ड माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलायचा. मीठ दे. पाटी खाली गॉटहिल्फकडे दिलीस का. हाबरश्ट्रोबाईंकडेही गेला नाही, पाठीत उसण भरलीय असा निरोप ठेवला. हॉर्न पेटीत बंद. रुसलेला माणूस फुंकत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला ऑक्टोबरातच रुसवलं असतं. खोकला दिवसागणिक उतरत गेला.

बरणी घेऊन मी फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. त्यांनी ती उजेडाकडे धरली, मग जरा लांब धरली.

"हे वाद्यातून निघालं?"

"हो."

"आणि ते यातून श्वास आत घ्यायचे?"

"औषध म्हणून," मी म्हणाले.

डॉक्टरांनी बरणी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, अशा तऱ्हेचं ऐकलंय, खात्री तपासणीनंतरच देता येईल, पण वाद्य आतून दर आठवड्याला स्वच्छ करा किंवा सोडून द्या. "तुम्ही मला बुरशी नाही म्हणाला होतात," एवढं ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून त्यांनी तो विषय तिथेच सोडला.

घरी मी मसुराची डाळ ढवळत होते. तीच वेळ बरी वाटली, कारण बोलताना त्याच्याकडे पाठ करता येत होती. मी सगळं सांगितलं. बेट, उपवास, हॉर्न, डॉक्टर.

गेरोल्डने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई म्हणाल्याच होत्या. आधी वाढलं. आता उतरलं."

डाव माझ्या हातून डाळीत पडला, पार दांड्यापर्यंत. तो बाहेर काढायला मला दुसरा डाव घ्यावा लागला. इतक्या महिन्यांत मी त्याच्या खोकल्यावर चिडले, वाडग्यांवर चिडले, बाईंवर चिडले, पण त्या क्षणी जे चढलं त्याला मला नावच देता येईना. ओरडले मात्र नाही. कारण मागे वळले तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत होता. फोटोत सासरे हॉर्न घेऊन उभे आहेत, छाती पुढे.

त्या फोटोसमोर त्याने कबूल तरी काय करायचं होतं?

पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, फ्रीडेरिकेने त्याला तालमीत बसवलं. पूर्ण तास तो खोकला नाही. ती म्हणाली, या. आदल्या दिवशी मी हॉर्न पुन्हा धुतला होता, उघडउघड, दोरीला बाटल्यांचा ब्रश बांधून, आणि त्याने अडवलं नव्हतं. पण ईस्टरच्या आदल्या दुपारी तो तळघरातून वर आला तो पडेल तोंडाने.

"नाही जमत."

"खोकला?"

"नाही. आवाज. हा त्यांचा आवाज नाही. लख्ख आहे. परका वाटतो." तो पायरीवर बसला, हॉर्न गुडघ्यांवर. "म्हटलं होतं ना तुला. सूर धुऊन जातो. मी त्यांना काय ऐकवू आता?"

मी त्याच्या शेजारी बसले. पायरी मीच पुसलेली होती, ओलसर.

"वाजव बघू," मी म्हणाले. त्याने एक ओळ वाजवली. खरंच वेगळा होता आवाज, जाडपणा गेलेला.

"लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी बाबांना ऐकलंय," मी म्हणाले. "तू तेव्हा रांगेत उभा होतास, स्वतःच्या वाजवण्यात गुंग. मी समोर होते. असंच वाजवायचे. मध्ये मध्ये खोकायचे, तेवढं सोडलं तर असंच."

हे खरं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. इतक्या वर्षांपूर्वीचा आवाज कोणाच्या लक्षात राहतो? मला थंडी आठवते आणि त्यांची लाल लोकरी टोपी आठवते. गेरोल्डने माझ्याकडे पाहिलं, काटा तोलताना पाहायचा तसं. मग उठून पुन्हा तळघरात गेला.

ईस्टरच्या पहाटे गवतावर दहिवर होतं. लोक थर्मास घेऊन आले होते, कबरींमधल्या वाटांवर खांद्याला खांदा लावून उभे. गेरोल्ड भिंतीपाशी, वडिलांच्या दगडाशेजारी. फ्रीडेरिकेने हात उचलला. पहिलं कडवं झालं. मग ती शांतता आली, आणि मी श्वास धरून ठेवला, दोघांच्याही वाटचा.

कोणीतरी खोकलं. खोल, कोरडं, ओळखीचं.

गॉटहिल्फ होता. ट्यूबाच्या मागून फक्त त्याची टोपी हलताना दिसली. मग त्याच्या पलीकडचा म्हातारा ट्रॉम्बोनवाला खोकला. फ्रीडेरिके थांबली नाही, त्या दोघांना ती वाद्यांचाच भाग समजत असावी. गेरोल्ड खोकला नाही. पण त्याने मान वळवून गॉटहिल्फच्या ट्यूबाकडे पाहिलं, त्या भल्याथोरल्या, वळणावळणाच्या पोटाकडे, आणि पाहतच राहिला. दुसऱ्या कडव्याची पहिली नोट त्याची थोडी चुकली.

सूर्य वर आला. तो कबरीकडे तोंड करून वाजवत होता. आवाज लख्ख होता. मला आवडला.

नंतर हाबरश्ट्रोबाई गर्दीतून वाट काढत आल्या, लोकरी हातमोज्यांत माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "उतरलं."

माझ्या तोंडात टबापासून बरणीपर्यंत सगळं तयार होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"उतरलं," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी रस्ता झाडून वर आले तर जिन्यात मधल्या वळणावर गॉटहिल्फ टेकलेला, घोंगडीत गुंडाळलेला ट्यूबा मिठीत. त्याच्या मागे ट्रॉम्बोनवाला, हातात आपली लांब पेटी.

"हे काय?" मी विचारलं.

"गेरोल्ड म्हणाला, शनिवारी घेऊन या."

"अजून काय म्हणाला?"

"म्हणाला, सूर थोडा जातो, पण हरकत नाही." गॉटहिल्फने घसा साफ केला, त्यात बराच वेळ गेला. "आणि म्हणाला, बायकोने हात लावला तर थांबवू नका, उपयोग नसतो."

न्हाणीघरात नळ वाहत होता. गेरोल्ड बाह्या सारून टबाच्या काठावर बसला होता, मनगटाने पाण्याची ऊब बघत, तान्ह्या बाळाची बघावी तशी. दोरी बांधलेला ब्रश शेजारी. जॅमची रिकामी बरणीही, झाकण काढून ठेवलेली.

मी दारात उभी राहिले. "हे हाबरश्ट्रोबाईंनी सांगितलं का?"

"नाही," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "गॉटहिल्फ वाडग्यांना घाबरतो."

मी थोडा वेळ थांबले. अजून काही येतंय का ते पाहायला. आलं नाही.

"ट्यूबा आडवा मावणार नाही," तो म्हणाला. "तू त्याचं तोंड धर."

मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि धरलं.